डबल बेल

एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. एसटीत बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे माहिती असतं, आणि दोन बेल मारूनही गाडी हलली नाही तर तीच पोरं मागून ओरडतात, ‘ओ, डबल बेल झाली ना!’ मी कंडक्टर, बेलची ही दोरी १९ वर्षं ओढतोय. त्यातली १८ वर्षं ती नुसती दोरी होती. हात आपोआप वर जायचा, ओढायचा, खाली यायचा, डोकं दुसरीकडंच.

मी नगरचा, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. ख्रिस्ती आहे. बाहेरच्या माणसाला ख्रिस्ती म्हटलं की वाटतं आडनाव डिसोझा असेल, घरात इंग्रजी चालत असेल. आमच्याकडं तसलं काही नाही. अमेरिकन मराठी मिशनवाले १८३१ साली नगरला आले, शाळा काढल्या, खेड्यापाड्यात ख्रिस्ती मंडळ्या झाल्या, त्यातल्याच एका खेड्यातले आम्ही, आजोबांच्याही आधीपासून. घरी बाजरीची भाकरी, आई शेवटपर्यंत नऊवारीत, आणि उपासनेत पेटी-तबल्यावर ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची भजनं. टिळक आमच्याच भागात राहिले, नगरला, राहुरीला, त्यामुळं आमची म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल असं बोलायची की जणू कालच चहा पिऊन गेलेत.

तर माझी अडचण अशी की रविवारी सुट्टी मिळेलच असं नसतं. आठवड्याची सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. वर्षात ५२ रविवार धरले तर मी वीस-बावीस वेळा चर्चला जात असेन. बाकी काय, पहाटे साडेचारला उठायचं, खाकी चढवायची, डेपोत जाऊन तिकिटाचं मशीन घ्यायचं, सुट्ट्या पैशांची सोय बघायची आणि सुरू. नगर–पुणे–नगर केलं की माणसाचा भुगा होतो. प्रार्थना म्हणजे जेवायच्या आधी अर्धा मिनिट डोळे मिटायचे, आणि त्या अर्ध्या मिनिटातही मनात हेच की त्या सुप्याच्या बाईला पन्नास परत द्यायचे राहिले का काय.

हे मी आमच्या पाळकसाहेबांपाशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपाशी, बोललो. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, मला काका म्हणतात. मी म्हणलं साहेब, माझी उपासना बुडते, मला आतून रिकामं रिकामं वाटतं, देव आठवतच नाही आठ-आठ दिवस. मला वाटलं होतं म्हणतील की पहाटे अजून एक तास लवकर उठा आणि बायबल वाचा, आणि मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं की साहेब, एक तास लवकर म्हणजे साडेतीन वाजतात. पण ते म्हणले, ‘काका, तुम्ही दिवसभरात कोणती गोष्ट सगळ्यात जास्त वेळा करता?’ मी म्हणलं तिकीट फाडतो. म्हणजे आता फाडत नाही, मशीनमधून निघतं, पण आम्ही फाडतोच म्हणतो. मग म्हणलं, बेल मारतो. ते म्हणले, मग बेलला बांधा त्याला.

मग त्यांनी ब्रदर लॉरेन्सची गोष्ट सांगितली. हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. आधी शिपाई होता, लढाईत पायाला जखम झाली, मग एका साहेबाकडं नोकर होता तिथं सारख्या वस्तू फोडायचा, स्वतःच म्हणायचा की मी धांदरट आहे. शेवटी पॅरिसला कार्मेली पंथाच्या मठात गेला तर तिथं त्याला घातलं स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकाचा त्याला मुळात कंटाळा. तिथं भांड्यांच्या खडखडाटात, चारी बाजूंनी माणसं हे दे ते दे करत असताना, हा मनातल्या मनात देवाशी बोलत राहायचा, आणि म्हणायचा की प्रार्थनेच्या वेळी देव जितका जवळ असतो तितकाच तो इथं चुलीपाशीही आहे. १६९१ साली वारला. पण मला त्याची आवडलेली गोष्ट वेगळीच. एकदा त्याला वाईन खरेदी करायला लांब बरगंडीला पाठवलं, हा लंगडा, बोटीत चालता येईना, तर पिपांवरून लोळत लोळत इकडून तिकडं जायचा. हे ऐकून मी म्हणलं साहेब, हा तर कंडक्टरच आहे! महिलांना अर्धं तिकीट झालं, १७ मार्च २०२३ पासून, तेव्हापासून आमच्या गाडीत मागच्या शिटापर्यंत पोचायचं म्हणजे आम्हीपण असेच, खांद्यांवरून, गठुड्यांवरून, लोकांच्या पायांवरून.

सुरुवात करायची ठरली राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लेंट, सुरू होतो त्या दिवशी. २०२४ ला तो नेमका १४ फेब्रुवारीला आला होता, गाडीत कॉलेजची पोरंपोरी गुलाब घेऊन बसलेली आणि मी मनात उपवासकाळ घेऊन उभा. लेंटचे ४० दिवस म्हणतात पण मधले रविवार धरत नाहीत, म्हणून ईस्टरपर्यंत खरे ४६ दिवस होतात, हे मला या वयात कळलं, कारण मी पहिल्यांदाच मोजायला बसलो.

नियम साधा ठेवला. एक बेल मारली की मनात म्हणायचं ‘प्रभू, थांबलो’. दोन बेल मारल्या की ‘प्रभू, चल’. बास. मोठी प्रार्थना नाही, डोळे मिटायचे नाहीत (मिटले तर पाकीटमार पण आमेन म्हणेल). पाळकसाहेबांनी बायबलमधल्या नहेम्याचा दाखला दिला होता, की राजा त्याला विचारतो तुला काय पाहिजे, आणि नहेम्या उत्तर द्यायच्या आधी तिथल्या तिथं देवाची प्रार्थना करतो. राजासमोर उभा असताना किती वेळ मिळाला असेल, एक श्वास. तेवढीच प्रार्थना पुरे असं ते म्हणले.

पहिल्या दिवशी माळीवाडा स्टँडवरून निघताना आठवलं. दोन बेल, ‘प्रभू, चल’. छान वाटलं. केडगावला आठवलं. त्यानंतर थेट वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये आठवलं की अरे आपण काहीतरी ठरवलं होतं. म्हणजे कामरगाव, सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, सगळं गेलं, शंभरएक किलोमीटर, आणि देवाचं नाव नाही. जाऊन-येऊन पन्नासएक वेळा दोरी ओढली असेल, त्यातल्या चार वेळा आठवण झाली. चार! मला स्वतःचीच लाज वाटली. १९ वर्षांत एकदा स्टॉप विसरलो नाही आणि हे विसरलो.

दुसऱ्या आठवड्यात मी हिशोबावर आलो. कंडक्टरला हिशोबाशिवाय जमत नाही. फ्रँक लाउबाख म्हणून एक अमेरिकन मिशनरी होता, फिलिपाईन्सला मिंडानाओ बेटावर, १९३० साली पंचेचाळिशीत असताना एकटा पडलेला, रोज संध्याकाळी घरामागच्या टेकडीवर जाऊन बसायचा, आणि त्यानं ठरवलं की जागेपणाचा प्रत्येक मिनिट देवाच्या आठवणीत घालवून बघायचं जमतं का. पुढं त्यानं याचा खेळच केला, तासातल्या ६० मिनिटांपैकी किती मिनिटांत निदान एक सेकंद तरी देव आठवला, त्याचे मार्क. हाच माणूस नंतर मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायच्या कामासाठी भारतातही येऊन गेला. मला हे मार्कांचं एकदम पटलं. खिशात छोटी डायरी ठेवली, प्रत्येक फेरीला बेल किती आणि आठवण किती. ४८ पैकी ११. ५२ पैकी १९. मग एका दिवशी ५२ पैकी ३८ आले आणि मी असला खूश झालो की डेपोत कॅश भरताना क्लार्कला उगाच जोक सांगितले.

त्याच संध्याकाळी घरी पोरानं चार्जर हरवला म्हणून मी त्याला इतका बोललो, इतका बोललो की जेवण सोडून उठला तो. आमची मिसेस काही बोलली नाही. भांडी घासता घासता फक्त एवढं म्हणली, ‘तुमचा देव फक्त बसमध्येच चढतो का हो? घरच्या स्टॉपला उतरतच नाही.’

मी डायरी रागानं फेकली नाही, तसं सांगायला बरं वाटेल पण नाही फेकली, अजून तीन-चार दिवस लिहिली. पण मार्क लिहिताना मजा येईना. कारण आता कळायला लागलं होतं की मी बेल मारताना देवाकडं बघत नव्हतो, मी डायरीकडं बघत होतो. ‘प्रभू, चल’ म्हणलं की लगेच मनात टिक. जसं मशीनमधून तिकीट निघतं तसं. एक दिवस डायरी धुण्यात खाकीबरोबर गेली, सगळी शाई पसरली, मी नवी आणली नाही.

मधे एक गोष्ट सांगायची राहिली, आमच्या ड्रायव्हरसाहेबांची. त्या दिवसांत माझ्याबरोबर जे होते ते माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, समोर काचेपाशी पांडुरंगाचा फोटो, सगळ्यांना माउली म्हणणार, अगदी रस्त्यात आडवी आलेल्या म्हशीलाही. एकदा शिरूरला चहा पिताना मला म्हणले, ‘मास्तर, हल्ली बेल मारताना ओठ हलतात तुमचे, काय चाललंय?’ मी जरा लाजत सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणले, ‘अहो हे नामस्मरणच झालं की. तुम्ही दोरीला बांधलंय, मी गिअरला बांधलंय. पहिला टाकला की राम, दुसरा टाकला की कृष्ण, तिसऱ्याला हरी.’ मी म्हणलं, आणि चौथ्याला? म्हणले, ‘चौथ्याला गाडी पळती, तेव्हा म्हणायची गरज पडत नाही, आपलं आपण चालू राहतं.’

आता आमच्यातल्या काही लोकांना हे आवडणार नाही मला माहितीये, की कुणाची शिकवण कुणाकडून घेतोय. पण टिळक स्वतःच म्हणायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आले. मी काही धर्म मिसळत नाहीये, मी कुणाला हाक मारतो ते मला पक्कं ठाऊक आहे. पण हाक मारत राहायची कशी हे मला माळकऱ्यानं शिकवलं, आणि हे मी लपवणार नाही. ‘आपलं आपण चालू राहतं’ हे वाक्य मला पुढं फार उपयोगी पडलं, कारण त्यानंतर एक काळ असा आला की काही म्हणजे काही चालू राहिलं नाही.

मार्चचा पहिला पंधरवडा. कोरडा ठाक. बेल मारायचो, ‘प्रभू, चल’ म्हणायचो, आणि वाटायचं की रिकाम्या सीटशी बोलतोय. पहिल्या दिवसांत निदान छातीत थोडं काहीतरी व्हायचं, आता तेही नाही. पाळकसाहेबांना फोन केला, ते म्हणले काका, तुम्हाला जाणवतंय का हे तपासू नका, तुम्ही फक्त सांगत राहा. त्या लॉरेन्सचीही पहिली दहा वर्षं फार जड गेली होती म्हणे. दहा वर्षं! मी म्हणलं साहेब, दहा वर्षांत मी रिटायर होईन.

त्याच पंधरवड्यात मला मुक्कामी गाडी लागली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी खेड्यात जाते, रात्री तिथंच उभी राहते आणि पहाटे पोरांना, दूधवाल्यांना, कोर्टकचेरीवाल्यांना घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. पारनेर तालुक्यातलं गाव होतं, गाडी मारुतीच्या पाराशेजारी लागायची. एका घरातून भाकरी आणि मटकीची आमटी यायची, पैसे घेत नाहीत. ज्वारीची काढणी चालू होती, हवेत सगळीकडं तो कडब्याचा वास.

रात्री मी मागच्या लांब सिटावर आडवा झालो. कॅशची बॅग डोक्याखाली, ती तिथंच ठेवायची असते, चोरीची भीती. तिच्यात चिल्लर, मान वाकडी होते. आणि मान वाकडी झाली तसा एकदम बायबलमधला याकोब आठवला. तो पण घरातून पळालेला, उघड्यावर झोपलेला, डोक्याखाली धोंडा. स्वप्नात ती शिडी बघतो आणि जागा होऊन म्हणतो की या ठिकाणी परमेश्वर होता आणि मला माहीतच नव्हतं. लहानपणी संडेस्कूलला ही गोष्ट आम्ही चित्र रंगवून रंगवून पाठ केली होती. तेव्हा सगळं लक्ष शिडीवर. आता धोंड्यावर गेलं. माझा धोंडा तीन हजार चारशे रुपयांचा होता, त्यात दहाची नाणीच जास्त.

पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली. ड्रायव्हरसाहेब पुढं घोरत होते. मी दार उघडून पायरीवर बसलो. कुत्रं एकदा भुंकलं आणि गप्प झालं. लांब कुणाच्या तरी वस्तीवर एक बल्ब. मी काही प्रार्थना केली नाही. बेलही नव्हती मारायची. बसलो नुसता. आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, स्वप्न नाही, आवाज नाही, उजेड नाही. लहानपणी पहाटे जाग आली की अंथरुणातूनच कळायचं की आई उठलीये. ती दिसायची नाही, काही बोलायची नाही, पण घर जागं आहे हे कळायचं, आणि मग आपण परत कुशीवर वळायचो. तसं वाटलं. की माझ्या आधीच कुणीतरी जागं आहे. किती वेळ वाटलं, पाच मिनिटं असेल, दहा असेल. मग डास चावायला लागले, मी आत गेलो आणि झोपलो, आणि साडेपाचला पहिली बेल मारली तेव्हा ‘प्रभू, चल’ म्हणायला विसरलो.

घरी येऊन बायबलमधलं १३९ वं स्तोत्र काढलं. माझं बसणं आणि उठणं तू जाणतोस, असं आहे त्यात सुरुवातीलाच. शेकडो वेळा वाचलेलं. पण कंडक्टरचं दिवसभर दुसरं काय चालतं हो, बसणं आणि उठणं! मिसेसला वाचून दाखवलं तर ती पण हसली. त्या रात्री मी पोराचा चार्जर शोधून दिला, कपाटाच्या मागं पडला होता, पंधरा दिवस झाले तरी कुणी वाकून बघितलं नव्हतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर नाही. यानंतरच तो म्हाताऱ्याचा किस्सा झाला.

नगर–पुणे गाडी, शनिवार, शिक्रापूरला एक आजोबा चढले. धोतर, टोपी, हातात पिशवी. ६५ च्या वर अर्धं तिकीट, ७५ च्या वर फुकट, हे सगळ्यांना माहितीये, पण कार्ड दाखवायला लागतं, आधार किंवा काहीतरी, नाहीतर लाईन चेकिंगवाले आले की माझ्यावर शेकतं. आजोबांकडं कार्ड नाही. पिशवी उपसतायत, त्यातून टॉवेल निघतो, औषधाची चिठ्ठी निघते, पेरू निघतो, कार्ड काही निघत नाही. मागून लोक ओरडतायत, पुढून लोक ओरडतायत, मशीनचा रोल त्याच वेळी संपला. मी चढलो आवाजात. ‘आजोबा, रोजचं झालंय हे तुमच्या लोकांचं, कार्ड घरी ठेवायचं आणि फुकट फिरायचं, फुल तिकीट घ्या नाहीतर उतरा खाली!’ त्यांनी काही न बोलता बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, बोट ओलं करून एक एक मोजून दिल्या. मी तिकीट दिलं, दोरीला हात घातला, एक मारली, दुसरी मारली, आणि ‘प्रभू, चल’ तोंडातून येईना.

खरंच येईना. सवय लागली होती तरी येईना. जसं भांडण झालेल्या माणसाला जेवायला चल म्हणता येत नाही तसं. गाडी निघाली, सणसवाडी गेली, कोरेगाव भीमा आलं, एक बेल, दोन बेल, गप्प. मला तेव्हा वाटलं की इतके दिवस मी म्हणत होतो तो इथं आहे, तो इथं आहे, तर मग आता तो इथं आहे ना, आणि त्यानं ऐकलंय. हे काही गोड वाटलं नाही. कान गरम झाले. देव जवळ आहे हे वाक्य चर्चमध्ये ऐकायला बरं असतं, पण गाडीत, माणसावर ओरडून झाल्यावर, ते वाक्य जरा अंगावर येतं.

लोणीकंदच्या पुढं गर्दी थोडी सैल झाली. मी आजोबांच्या सिटापाशी गेलो, वाकलो आणि हळू आवाजात म्हणलं, आजोबा, मघाशी जास्त बोललो, मनावर घेऊ नका. आजोबा म्हणले, ‘आँ? वाघोली आली का?’ मी परत म्हणलं, माफ करा, मी ओरडलो. ते म्हणले, ‘खराडीला उतरायचंय मला.’ मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ह्यांना ऐकूच येत नाही. म्हणजे मी जे बोललो होतो ते ह्यांनी ऐकलंच नव्हतं, ते फक्त बाकीच्या गाडीनं ऐकलं होतं, आणि देवानं. आता काय करायचं. सोडून देता आलं असतं. पण मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘आजोबा, मघाशी मी तुमच्यावर ओरडलो, माझं चुकलं!’ सगळी गाडी वळून बघायला लागली. एक बाई हसली. आजोबांनी दोन सेकंद माझ्याकडं बघितलं, आणि पिशवीतला पेरू काढून माझ्या हातात ठेवला, कशासाठी ते त्यांनाच माहिती, कदाचित त्यांना वाटलं असेल मी खायला मागतोय.

खराडीला ते उतरले, मी हात धरून उतरवलं. दोन बेल. ‘प्रभू, चल.’ या वेळी आलं. त्या दिवशी कॅश १४० रुपये कमी भरली, कुठं गेले कळलं नाही, खिशातून घातले. पेरू खाल्ला, आत किडका होता अर्धा.

आता गुड फ्रायडे. २९ मार्चला माझी ड्युटी. दुपारी १२ ते ३ चर्चमध्ये येशू क्रूसावरून बोलला त्या सात वचनांची उपासना असते, आमच्याकडं तो वर्षातला सगळ्यात जड दिवस, मोठी माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत तीन वाजेपर्यंत. मी ठरवलं होतं की मोबाईलवर वेळ बघून प्रत्येक वचन मनात म्हणायचं, सातही पाठ आहेत. दुसऱ्या वचनापर्यंत आलो आणि रांजणगावच्या आसपास एका लहान बाळानं उलटी केली. आईच्या अंगावर, सिटावर, खाली. आई एकटी, वीस-बावीस वर्षांची पोर, रडायला आलेली, शेजारचे नाक धरून लांब सरकलेले. हे काम कंडक्टरचं नाही. पेपर घेतला, बाटलीतलं पाणी घेतलं, सीट पुसलं, खाली पुसलं, पोरीला म्हणलं ताई, बाळाला इकडं द्या, तुम्ही तोंड-हात धुवा. बाळ माझ्या खाकीवर अजून एकदा ओकलं. गाडी उभीच होती, ड्रायव्हरसाहेब आरशातून बघत होते, काही बोलले नाहीत, नेहमी उशीर झाला की हॉर्न मारतात.

बाकीची पाच वचनं राहिली ती राहिलीच. तीन वाजले तेव्हा आम्ही वाघोलीत अडकलो होतो, माझ्या शर्टाला दुधाचा आंबूस वास, आणि मी पूर्ण वेळ त्या पोरीला कोणत्या दवाखान्यात जायचंय, तिथं पोचायला रिक्षा कुठून मिळेल हेच सांगत होतो. तीन वाजून गेल्यावर लक्षात आलं. अपराधी वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. पाणी प्यायलो.

ईस्टरला सुट्टी मिळाली. पहाटेच्या उपासनेला गेलो, पाळकसाहेबांनी विचारलं, काका, जमलं का? मी म्हणलं साहेब, मार्क विचारू नका. ते म्हणले बरं, नाही विचारत.

त्याला आता बरेच महिने झाले. चालू आहे, बंद पडतं, परत चालू होतं. कधी पूर्ण आठवडा जातो आणि एकदाही आठवत नाही. पूर्वी असं झालं की मी दोन दिवस तोंड पाडून बसायचो, आता नाही बसत. तो लॉरेन्सही चुकला की देवाला सांगून टाकायचा की मी असाच आहे, आणि पुढच्या कामाला लागायचा. घरी बेल नाही म्हणून कुकरची शिट्टी धरलीये. मिसेस म्हणते तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, प्रार्थना नंतर, दोनदा डाळ करपलीये.

आणि गेल्या महिन्यात आम्हाला नवी गाडी आली. नगर–पुणे हा तसा मानाचा रस्ता आहे बरं का, १ जून १९४८ ला पहिली एसटी याच रस्त्यावर धावली आणि २०२२ च्या १ जूनला पहिली शिवाई, ती विजेवरची, तीही याच रस्त्यावर. आमची शिवाई नाही, साधीच आहे, पण नवी कोरी, आणि तिच्यात दोरी नाही. बटण आहे. पहिल्या दिवशी सुप्याला माणसं चढली, दार लागलं, माझा हात सवयीनं वर गेला आणि हवेतच राहिला. चाचपडतोय, दोरी नाही. पहिल्या सिटावर एक शाळेचा पोरगा, दप्तर मांडीवर. म्हणला, ‘काका, काय शोधताय?’

मी म्हणलं, दोरी.

तो म्हणला, ‘ते बघा ना, तुमच्या डोक्यापाशीच आहे लाल बटण.’

दाबलं. दोनदा.